हार्वेस्टर आला, आता मळणीयंत्राचे काय करावे?

प्रश्न : माझे वय ४६ आहे. लातूर जिल्ह्याच्या औसा तालुक्यातील एका गावात माझी चार एकर जमीन आहे. परंतु घर चालते ते ट्रॅक्टर आणि मळणीयंत्रावर. २०१६ मध्ये कर्ज काढून ४५ अश्वशक्तीचा ट्रॅक्टर घेतला आणि पुढच्या वर्षी मळणीयंत्र घेतले. २०२१ च्या हंगामात पंचवीस दिवसांत मी अडीच हजार क्विंटल सोयाबीन काढून दिले होते. त्यानंतर गावात कापणी आणि मळणी एकाच फेरीत करणारे पंजाबचे हार्वेस्टर येऊ लागले. कापणीचे गुत्ते, म्हणजे मजुरांचा ठेका, एकरी चार-साडेचार हजारांवर गेले आहे आणि वर मळणीचे क्विंटलला तीनशे रुपये. त्यापेक्षा अडीच हजारांत एकर मोकळे होते, म्हणून लोक तिकडे वळले. यंदा सप्टेंबरच्या पावसाने उरलेसुरले पीकही पाण्यात गेले. माझी मळणी जेमतेम सातशे क्विंटल झाली आणि त्यातली निम्मी उधारीत आहे. मेहुणे म्हणतात, भागीदारीत हार्वेस्टर घेऊ, वीस लाखांचे कर्ज मिळते. मुलगा डिप्लोमा करून घरी आला आहे, तो फवारणीचा ड्रोन घ्या म्हणतो. पत्नी म्हणते, सगळे विका आणि पुण्याला चला. ट्रॅक्टरचे कर्ज गेल्या दिवाळीत फिटले, एवढेच काय ते समाधान. मी काय करावे?

उत्तर : तुमचे पत्र मी दोनदा वाचले. पहिल्या वाचनात हार्वेस्टर, ड्रोन आणि पुणे हे तीन पर्याय दिसले. दुसऱ्या वाचनात मात्र नजर शेवटच्या प्रश्नाआधीच्या ओळीवर थांबली. ट्रॅक्टरचे कर्ज फिटले आहे, म्हणजे दर महिन्याला दाराशी येणारा हप्ता नाही, आणि म्हणूनच एक-दोन हंगाम कमी कमाईत काढून धंद्याची घडी बदलण्याची सवड तुमच्याकडे आहे. तुमच्यासारख्या फार थोड्या ट्रॅक्टरमालकांकडे आज ती सवड आहे. त्यामुळे आधी निर्णय सांगतो आणि मग कारणे देतो : हार्वेस्टर घेऊ नका, मळणीयंत्र विकू नका, आणि आजवर ऑक्टोबरच्या पंचवीस दिवसांवर टांगलेली कमाई तिथून सोडवून जूनच्या पेरणीकडे आणि बियाण्याच्या मळणीकडे न्या.

हार्वेस्टरचा हिशेब मेहुण्यांसमोर बसून कागदावर मांडा. वीस लाखांचे कर्ज ११ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतले, तर महिन्याचा हप्ता साधारण साडेत्रेचाळीस हजार आणि वर्षाचा सव्वापाच लाखांच्या आसपास होतो. एकरी अडीच हजार भाडे धरले आणि डिझेल, चालक, मदतनीस, पट्टे, पाती, दलाली असा एकरी अकराशे-बाराशे रुपये खर्च वजा केला, तर हातात तेराशे राहतात. याचा अर्थ नुसता हप्ता फेडायला वर्षाला चारशे एकर कापणी हवी. आता आपल्याकडचा सोयाबीनचा काळ पाहा. सप्टेंबरच्या अखेरीपासून जास्तीत जास्त पंचवीस दिवस मिळतात; त्यात पाऊस झाला की काळ्या रानात टायरचा हार्वेस्टर रुततो आणि चार-पाच दिवस नुसता बांधावर उभा राहतो. उघडीप मिळाली तरी सकाळच्या दवात काम होत नाही. रोज बारा एकर धरले तरी तीनशे एकरांपुढे जाणे कठीण आहे. पंजाबच्या मंडळींना हे यंत्र परवडते, कारण ती पिकामागोमाग एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जातात, सोयाबीन झाले की भात, भात झाला की गहू, आणि महिनोन्‌महिने घराबाहेर यंत्राखाली झोपतात. मेहुणे आणि तुम्ही ते करणार असाल तर हिशेब वेगळा होईल. घरी राहून आसपासच्या दहा गावांत हार्वेस्टर चालवायचा असेल, तर पहिल्या ओल्या ऑक्टोबरमध्ये हप्ता थकेल आणि भागीदारीबरोबर नातेही तुटेल.

दुसरी गोष्ट कटू आहे, पण ती मनाशी पक्की केल्याखेरीज पुढचे पाऊल नीट पडणार नाही. बाजारात विकायच्या सोयाबीनची मळणी तुमच्याकडे पूर्वीसारखी परत येणार नाही. तुमच्याच आकड्यांवरून पाहा : एकरी आठ क्विंटल उतारा धरला तर गुत्ते आणि मळणी मिळून शेतकऱ्याला साडेसहा हजार लागतात, हार्वेस्टरला अडीच हजार. शिवाय कापून ठेवलेल्या बनिमीवर, म्हणजे पिकाच्या ढिगावर, पाऊस पडला तर काय होते, हे सप्टेंबर २०२५ मध्ये लातूर, धाराशिव, बीड, नांदेड या सगळ्या पट्ट्याने पाहिले आहे. दर कमी करून या फरकाशी झुंजू नका. हरभऱ्यातही हाच ओघ आहे. ‘फुले विक्रम’सारखे उंच वाढणारे वाण हार्वेस्टरने काढता यावेत याच विचाराने आले आहेत. दोन-तीन गुंठ्यांचे तुकडे, वाट नसलेली शेते, भुसकट जनावरांसाठी राखू पाहणारी घरे, एवढे गिऱ्हाईक तुमचे राहील, पण त्यावर संसार चालणार नाही.

मग मळणीयंत्र का ठेवायचे? बियाण्यासाठी. सोयाबीनच्या दाण्याचे साल फार पातळ असते आणि अंकुर सालाच्या अगदी खाली, डोळ्याशेजारी असतो. मळणीयंत्रातल्या फिरत्या ड्रमचा मार जोरात बसला की वरून दाणा अख्खा दिसतो, बाजारात त्याला पूर्ण भाव मिळतो, पण आत तडा गेलेला असतो आणि तो जमिनीत उगवत नाही. २०२० च्या खरिपात मराठवाड्यात आणि विदर्भात बियाणे न उगवल्याच्या तक्रारींचा जो पूर आला, तो तुम्हाला आठवत असेल. दुबार पेरणीने त्या वर्षी किती घरांचे गणित मोडले हेही आठवत असेल. तेव्हापासून कृषी विभाग दर हंगामाआधी घरचे बियाणे राखा, उगवणशक्ती तपासा, असे सांगत आला आहे. सोयाबीन स्वपरागसिंचित असल्यामुळे सरळ, म्हणजे संकरित नसलेल्या, वाणाचे बियाणे दरवर्षी विकत घेण्याची गरजही नसते. परंतु बियाणे राखायचे म्हणजे ते बियाण्यासारखे मळायला हवे, आणि तसे मळून देणारा माणूस गावात नसतो. ती जागा रिकामी आहे, आणि ती तुम्ही घ्यावी असे मला मनापासून वाटते.

हे काम नेमके कसे करायचे ते थोडे विस्ताराने लिहितो, कारण इथेच बहुतेक जण चुकतात. बियाण्यासाठी मळताना दाण्यात १४ टक्के ओलावा असेल तर ड्रमचे फेरे मिनिटाला ४०० ते ५००, आणि १३ टक्के असेल तर ३०० ते ४०० ठेवावेत, अशी शिफारस आहे. बाजाराच्या मळणीत आपण याच्या कितीतरी वर जातो, कारण काम लवकर उरकायचे असते. आता फेरे कमी करायचे म्हटले की बहुतेक चालक ट्रॅक्टरची रेस कमी करतात. तसे केले की ड्रमबरोबर पंखाही मंदावतो, भुसकट उडत नाही, दाण्यात काडीकचरा येतो, शेतकरी बोलतो, आणि अर्ध्या तासात रेस पुन्हा वर जाते. यावरचा उपाय म्हणजे ड्रमच्या दांड्यावरची पुली मोठी बसवणे. तिने फक्त ड्रम मंदावतो आणि पंखा पूर्वीच्याच वेगाने फिरतो. तुमच्या यंत्रात पंख्याला गती ड्रमच्याच दांड्यावरून मिळत असेल, तर पंख्याची पुलीही त्या मानाने बदलावी लागेल; लातुरातला कोणताही जाणता फिटर यंत्र पाहून हे सांगेल. फेरे अंदाजाने ठरवू नका. फेरे मोजणारे, हातात धरायचे टॅकोमीटर फार महाग नसते. ते एक घ्या आणि ओलावा मोजण्याचे छोटे यंत्रही घ्या. शेतकऱ्याच्या समोर दोन्ही मोजून दाखवले की वेगळा दर का, हे त्याला समजावून सांगावे लागत नाही.

एका गावातल्या पेरणीपूर्व बैठकीतला प्रसंग सांगतो. दोन सख्ख्या भावांनी एकाच रानातले, एकाच वाणाचे सोयाबीन राखले होते. मोठ्या भावाने ते हार्वेस्टरने काढलेल्या ढिगातून बाजूला ठेवले होते, दुसऱ्याने दोन बॅगांपुरते ताडपत्रीवर काठीने बडवून काढले होते. आम्ही दोघांचेही शंभर-शंभर दाणे ओल्या गोणपाटात दहा-दहाच्या ओळींनी मांडले, गुंडाळी करून सावलीत ठेवले आणि रोज पाणी शिंपडले. आठव्या दिवशी गोणपाट उलगडले, तेव्हा काठीने बडवलेल्यांपैकी ८४ दाण्यांना सरळ, जाड मोड आले होते. दुसऱ्या गुंडाळीत ५१. उरलेले दाणे फुगून बुळबुळीत झाले होते, काहींची दले तर बोटाने हात लावताच वेगळी झाली. बियाणे म्हणून चालायला किमान ७० लागतात. मोठा भाऊ बराच वेळ काही न बोलता ते दाणे बोटाने उलटेपालटे करत राहिला. त्याला एकरी तीस किलोऐवजी किती पेरावे, हे सांगणेसुद्धा अवघड होते, कारण सत्तरच्या खाली प्रत्येक टक्क्याला अर्धा किलो वाढवायचे, हा ठोकताळाही साठच्या खाली लावण्यात अर्थ नसतो.

तुम्ही बियाण्याची मळणी करून दिल्यावर हीच गोणपाटाची चाचणी करून द्या आणि आकडा कागदावर लिहून द्या. मळणी झाल्यावर एकदा आणि मे महिन्यात पेरणीआधी एकदा. दर पोत्यामागे दीडपट सांगितलात तरी लोक देतील, कारण बियाण्याच्या एका बॅगेची किंमत त्यांना ठाऊक आहे. पोती उंचावरून आपटू नयेत, थप्पी सात फुटांपेक्षा वर नेऊ नये, भिंतीला टेकवून ठेवू नये, एवढे तीन नियम तुमच्या मजुरांनाही पाठ हवेत. मळणीत वाचवलेला दाणा पोते फेकल्याने फुटतो.

याच कामाचा मोठा भाग बीजोत्पादक शेतकऱ्यांकडे आहे. महाबीज, म्हणजे राज्य बियाणे महामंडळ, आणि शेतकरी उत्पादक कंपन्या आपल्या भागात सोयाबीनचे बीजोत्पादन घेतात. अशा प्लॉटचा माल भेसळीमुळे नापास झाला तर शेतकऱ्याचा जादा भाव जातो. म्हणून एक वाण संपवून दुसरा घेताना यंत्र रिकामे पळवून, जाळ्या काढून, कोपऱ्यांतले दाणे झटकून स्वच्छ करण्याची शिस्त लावा आणि त्याचे वेगळे पैसे घ्या. तालुक्यातल्या दोन-तीन कंपन्यांच्या संचालकांना आत्ताच भेटा. सप्टेंबरमध्ये गेलात तर त्यांची माणसे ठरलेली असतील. एक सावधगिरी मात्र बाळगा. तुम्ही मळणीची सेवा विका, बियाणे विकू नका. पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा २००१ नुसार शेतकऱ्याला आपल्या शेतातले बियाणे राखता, बदलता, विकताही येते, परंतु ब्रँडच्या पिशवीत भरून विकता येत नाही. आणि लोकांचे बियाणे गोळा करून धंदा म्हणून विकायचे तर परवाना लागतो. त्या वाटेला उधारी आणि तक्रारी दोन्ही जास्त असतात.

आता जूनकडे वळू. तुमच्या ट्रॅक्टरला बीबीएफ, म्हणजे रुंद वरंबा सरीचे पेरणीयंत्र जोडा. वरंब्यावर तीन किंवा चार ओळी आणि दोन्ही बाजूंना सरी, अशी ही पेरणी असते. पाऊस जास्त झाला तर पाणी सरीतून निघून जाते आणि मुळे कुजत नाहीत, पावसाने तीन आठवडे ताण दिला तर सरीत मुरलेल्या पाण्यावर पीक तग धरते. आपल्याकडे आता एकाच हंगामात दोन्ही गोष्टी होतात, म्हणून या पद्धतीची मागणी वाढत आहे. एकरी तीस किलोऐवजी बावीस किलोंच्या आसपास बियाणे पुरते, हा शेतकऱ्याला लगेच दिसणारा फायदा आहे. सप्टेंबर २०२५ सारख्या पुरापुढे वरंबाही टिकत नाही, तेव्हा तसे आश्वासन कोणाला देऊ नका. यंत्र अल्पभूधारकांना कृषी यांत्रिकीकरण योजनेतून पन्नास टक्क्यांपर्यंत अनुदानावर मिळते, आणि चार एकरांमुळे तुम्ही त्यात बसता. शासनाच्या महाडीबीटी संकेतस्थळावर अर्ज करा, परंतु पूर्वसंमतीचे पत्र हाती येण्याआधी यंत्र विकत घेऊ नका. घाईने आधी बिल करून अनुदान गमावलेली माणसे मला दर वर्षी भेटतात.

या कामातून किती मिळेल, याचा फुगवलेला आकडा मी देणार नाही. पेरणीचे दिवस दहा-बारा असतात, रोज आठ-नऊ एकर होतील, म्हणजे पहिल्या वर्षी शंभर एकर झाले तरी उत्तम समजा. एकरी हजार रुपये भाड्यातून डिझेल आणि चालक वजा जाता सहाशे-सातशे उरतील. पुन्हा रब्बीत हरभऱ्याची पेरणी याच यंत्राने होते, ती धरा. ही रक्कम २०२१ च्या मळणीइतकी नाही. पण ती जूनमध्ये येते, शेतकऱ्याच्या हातात पीककर्जाचे पैसे असताना येते, आणि ऑक्टोबरच्या पावसाने बुडत नाही. पहिल्या हंगामात स्वतःच्या चार एकरांतले दोन एकर बीबीएफवर आणि दोन एकर नेहमीच्या पद्धतीने पेरा, तेही रस्त्याकडेच्या रानात. पेरणीची खोली तीन-चार सेंटिमीटरच्या खाली जाऊ देऊ नका. वरंबा भुसभुशीत असल्याने फण सहज खोल जातो आणि दोष बियाण्यावर येतो.

उधारीबद्दल तुम्ही एकच वाक्य लिहिले आहे, पण मला ती सगळ्यात जास्त छळणारी गोष्ट वाटते. यंदाची उधारी मागताना माणूस पाहून मागा. ज्याचे पीक वाहून गेले त्याच्याकडे पुढच्या वर्षापर्यंत थांबा आणि तसे त्याला स्वतः जाऊन सांगा. ज्याने माल विकून पैसे घरात ठेवले आहेत, त्याच्याकडे संकोच न करता मागा. मात्र पुढच्या वर्षीपासून दराची रीतच बदलायला हवी. क्विंटलवर दर घेण्याची पद्धत एकरी दहा क्विंटल उतारा असताना ठीक होती. आता उतारा चारवर आला की तीन हजारांचे काम बाराशेवर येते, आणि यंत्र शेतात नेणे, जमवणे, चार मजूर दिवसभर धरून ठेवणे हा खर्च तेवढाच राहतो. म्हणजे शेतकऱ्याच्या नुकसानीचा एक वाटा तुम्ही न बोलता उचलत आहात. म्हणून क्विंटलचा दर ठेवा, पण त्याखाली एका बनिमीमागे किमान रक्कम ठरवा. ती खळ्यावर यंत्र लावून झाल्यावर सांगू नका, त्यातून भांडण होते. पोळ्याच्या आधी, पाराजवळ चार माणसे बसलेली असताना सांगा, आणि निम्मी रक्कम रोख, निम्मी माल विकल्यावर, अशी सोय ठेवा.

मुलाच्या ड्रोनविषयी थोडक्यात लिहितो. जुलै-ऑगस्टमध्ये चिखलात ट्रॅक्टर शिरत नाही आणि गुडघाभर सोयाबीनमध्ये पाठीवरचा पंप घेऊन जायला माणूस मिळत नाही, त्यामुळे त्याची कल्पना चुकीची नाही. पण ड्रोन उडवण्यासाठी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने मान्यता दिलेल्या संस्थेतून प्रशिक्षण घेऊन प्रमाणपत्र मिळवावे लागते, बॅटऱ्यांचे संच काही हंगामांत बदलावे लागतात, आणि एखादा पंखा बाभळीला लागला की दुरुस्तीसाठी हंगामातले आठ दिवस जातात. शिवाय सरकारने ‘नमो ड्रोन दीदी’ योजनेत महिला बचत गटांना ८० टक्क्यांपर्यंत अनुदानावर ड्रोन दिले आहेत, तेव्हा दराची स्पर्धा पहिल्या दिवसापासून असेल. मुलाला आधी प्रमाणपत्र घेऊ द्या आणि येत्या पावसाळ्यात दोन महिने चालू ड्रोनवाल्याकडे काम करू द्या. त्यानंतरही त्याला ते करावेसे वाटले तर त्याच्या नावावर, त्याच्या हिशेबाने करा. तोवर बियाण्याची चाचणी, ओलाव्याच्या नोंदी आणि फोनवरची नोंदणी ही कामे त्याच्याकडे सोपवा. डिप्लोमा झालेला मुलगा ती तुमच्यापेक्षा नेटकी करील.

पत्नी पुण्याला चला म्हणतात, त्यामागे मला शहराची ओढ दिसत नाही, ऑक्टोबरमध्ये रात्री दोन वाजता मळणी चालू असताना घरी वाट पाहणाऱ्या बाईची भीती दिसते. ती भीती खरी आहे. मळणीयंत्राने किती हात नेले, हे प्रत्येक तालुक्याला माहीत आहे, आणि म्हणूनच १९८३ च्या धोकादायक यंत्रे नियमन कायद्यात या यंत्राचे नाव आहे. बियाण्याची मळणी संथ असते, ती दिवसा करायची असते. रात्रीचे काम बंद करण्याची ही संधी घ्या. घास घालायच्या तोंडावर पूर्ण लांबीची सुरक्षित नळी आहे का, पट्ट्यांवर जाळी आहे का, हे पाहा, सैल सदरा किंवा उपरणे घातलेल्या मजुराला यंत्राजवळ उभे करू नका, आणि तुमच्या मजुरांना तसेच भाड्याच्या कामाला विमा लागू होतो की नाही, हे विमा कंपनीकडून लेखी घ्या. हे सगळे केल्यावर दोन हंगामांचा हिशेब पत्नीसमोर ठेवा आणि मग पुण्याचा निर्णय दोघांनी मिळून घ्या. आत्ता विकलात तर पडत्या बाजारात यंत्राला भंगाराचा भाव येईल.

सुरुवात करायला पुढच्या ऑक्टोबरची वाट पाहण्याचे कारण नाही. तुमच्या परिसरात विहिरीच्या पाण्यावर बियाण्यासाठी उन्हाळी सोयाबीन घेणारे शेतकरी असतील. ते एप्रिलअखेर ते मेमध्ये काढणीला येते. त्या उन्हात दाणा फार लवकर वाळतो आणि कोरडा दाणा जास्त फुटतो, म्हणून मळणी सकाळी लवकर, ओलावा मोजून आणि नव्या पुलीवर करा. पहिल्या तीन शेतकऱ्यांकडून जादा दर घेऊ नका. प्रत्येकाचे शंभर दाणे गोणपाटात ठेवा आणि आठव्या दिवशी आलेले तीन आकडे मला कळवा. सत्तरच्या खाली आले तर ड्रम आणि जाळीतले अंतर तपासण्याविषयी मी तुम्हाला सविस्तर लिहीन.